‘यात नवीन काय?’

अवघड विषय सोपा करून सांगणाऱ्या पत्रकाराला पुरस्कार द्यावा, हे मला कित्येक वर्षं पटत नव्हतं. नुसता मतभेद असता तर गोष्ट वेगळी होती. माझ्या मनात त्या कामाविषयी तुच्छता होती आणि ती मी तत्त्वाच्या नावाखाली जपली होती. बातमी शोधून काढतो तो पत्रकार, दुसऱ्याने शोधलेलं समजावून सांगतो तो मास्तर, असा माझा सरळ हिशेब. मास्तरांचा मान शाळेत राखावा, पत्रकारितेच्या व्यासपीठावर कशाला, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. कुणी फारसा विरोध करत नसे, त्यामुळे ते मत पक्कं होत गेलं.

हा हिशेब आला कुठून, तर ज्या गोष्टी ऐकत आम्ही या धंद्यात आलो तिथून. वॉटरगेटच्या बातमीदारीसाठी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला १९७३ साली पुलित्झर मिळालं, ही आमच्या पिढीची पुराणकथाच होती. आपल्याकडे १९८१ मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मधून तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाचं प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. पत्रकाराने लिहावं आणि खुर्ची हलावी, याहून मोठं काही असू शकतं असं आम्हाला वाटतच नव्हतं. पुलित्झरच्या याद्या मी दरवर्षी वाचायचो. त्यात १९८५ पासून विश्लेषक पत्रकारितेचा एक वेगळा विभाग आहे. पहिल्याच वर्षी तो पुरस्कार बाल्टिमोरच्या ‘इव्हनिंग सन’मधल्या जॉन फ्रँकलिन यांना मिळाला, मेंदूतल्या रसायनांवर आणि मानसोपचारात त्यांच्या अभ्यासाने घडवलेल्या बदलावर लिहिलेल्या सात भागांच्या मालिकेसाठी. हे मला माहीत होतं. फक्त माहीत होतं. मालिका शोधून वाचावी असं कधी मनात आलं नाही. तो विभाग मी ओलांडून पुढे जात असे, कारण माझ्या लेखी ते उत्तेजनार्थ बक्षीस होतं.

डेस्कवरही तेच. अर्थसंकल्प, जीएसटी, नवा कायदा, कसलाही किचकट विषय आला की त्याची चौकट करायचं काम नवख्या उपसंपादकाकडे जायचं. पाच प्रश्न, पाच उत्तरं, सहा वाजेपर्यंत दे. त्याने ती कुठून तरी उचलून भाषांतरित करून द्यावी आणि मी त्यात शुद्धलेखन तेवढं पाहावं. मुख्य बातमीवर मात्र आम्ही तासभर खल करायचो.

करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर एका जिल्हास्तरीय पत्रकार पुरस्काराच्या निवड समितीवर मला बोलावलं. ग्रामीण बातमीदारांसाठी असलेला हा पुरस्कार मोठा नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी त्याला वजन असतं. शेवटी दोन प्रवेशिका उरल्या. एक होती नगरपालिकेच्या पथदिव्यांच्या खरेदीतल्या गोंधळाची बातमी. दुसरा एका तालुका प्रतिनिधी मुलीचा लेख होता, पीकविम्याची भरपाई ठरते कशी यावर. अर्धं पान मजकूर, एक तक्ता आणि खाली एक चौकट.

समितीतल्या एका प्राध्यापकांना तो लेख मनापासून आवडला होता. ते म्हणाले, “माझं शेत आहे, मी दरवर्षी विमा भरतो, पण हे मला आज कळलं.” त्यावर मी विचारलं, “ठीक आहे, पण यात नवीन काय? हे सगळं शासन निर्णयात छापलेलं आहे. बातमीदाराने शोधलं काय?” माझा आवाज थोडा चढाच होता. मी समितीत वयाने मोठा, शहरातल्या दैनिकातला. प्राध्यापक गप्प झाले. पथदिव्यांना पुरस्कार मिळाला. ती बातमी चांगली होती, खरी होती, तिच्यावर माझा आजही आक्षेप नाही. पण त्या दिवशी मी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं, आणि मी ते वाचलेलं नव्हतं. लेख मी चाळला होता. तक्ता दिसल्यावर नजर खाली सरकली होती.

पुढे २०२४ साली ऐन पोळ्याला, सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, मराठवाड्यात तुफान पाऊस झाला. परभणी, हिंगोली, नांदेड या भागांत नद्यानाले शेतात घुसले. माझ्या मावशीचं गाव परभणी जिल्ह्यात. पाणी उतरल्यावर मी तिकडे गेलो, बातमीसाठी नव्हे, तिला भेटायला. शेंगा धरलेलं सोयाबीन चिखलात आडवं झालं होतं आणि त्याला कुजका वास सुटला होता. मावसभाऊ शेत दाखवताना फार बोलला नाही. घाईघाईने घराकडे वळला आणि म्हणाला, “दादा, आज तक्रार टाकावी लागंल. बहात्तर तासांच्या आत.”

ओसरीवर शेजारचे दोघंतिघं आधीच येऊन बसले होते. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात सातबाऱ्याचा उतारा आणि विमा भरल्याची पावती. मावसभावाने कोनाड्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून घडी घातलेला एक कागद. घड्यांवर झिजून पांढरा पडलेला, कडेला हळदीचा डाग. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाची झेरॉक्स होती ती, आणि तीही झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या. खालच्या चौकटीतला विमा कंपनीचा छापील नंबर कुणीतरी निळ्या पेनाने खोडून शेजारी १४४४७ हा नवा नंबर लिहिला होता. एक जण चौकट मोठ्याने वाचत होता, दुसरा त्याप्रमाणे मोबाइलवर भरत होता. आधी पावतीवरचा अर्ज क्रमांक. मग गट नंबर, पिकाची अवस्था. मग नुकसानीचं कारण. तिथे थोडा वाद झाला, अतिवृष्टी म्हणायचं की शेतात पाणी साचलं म्हणायचं. वाचणाऱ्याने परत मागे जाऊन दोन ओळी वाचल्या आणि वाद मिटला. तक्रारीचा नंबर आला तो त्यांनी त्याच कागदाच्या समासात लिहून ठेवला. समासात आधीच्या हंगामांचेही नंबर होते.

शीर्षक पाहताच मी लेख ओळखला.

मी ते बोललो नाही. काय बोलणार होतो? मावशी चहा घेऊन आली आणि तिने सहज विचारलं, “तू पेपरातच हाईस नं? हे तूच लिवलंस का?” मी नाही म्हटलं. “मग कुणी लिवलं? लई कामाचं हाय बग ते,” असं म्हणत ती आत गेली. तिच्या प्रश्नात टोचणी नव्हती. टोचणी माझ्या आतच होती. हा कागद या ओसरीवर पुरस्कारामुळे पोचला नव्हता, पुरस्कार नाकारूनही तो थांबला नव्हता. त्यामुळे समितीच्या खोलीत मी चढ्या आवाजात दिलेल्या निर्णयाला इथे काडीचंही महत्त्व नव्हतं. हे कळायला मला वेळ लागला नाही. अवघड गेलं ते त्यानंतरचं.

रात्री मी तो कागद मागून घेतला आणि पहिल्यांदा तो नीट वाचला, तक्त्यासकट.

लेखाची सुरुवात गावोगाव ऐकू येणाऱ्या एका तक्रारीने होती. माझं शेत वाहून गेलं तरी मला दमडी मिळाली नाही, आणि नाल्यापलीकडच्याला मिळाली, असं का? त्या तक्रारीचं उत्तर लेख लिहिणाऱ्या मुलीने पायरीपायरीने दिलं होतं. भरपाईचे दोन मार्ग आहेत. एक, स्थानिक आपत्तीचा: तुमच्याच शेतात पाणी घुसलं, गारपीट झाली, तर ७२ तासांत कळवायचं, मग पाहणी करणारा तुमच्या बांधावर येतो. दुसरा, हंगामाअखेरच्या उत्पन्नाचा: यात तुमचं शेत एकट्याने मोजलंच जात नाही. महसूल मंडळात काही ठरावीक ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडतात. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी, आणि तिचे आपल्याकडे ७० टक्के. समजा ती सरासरी हेक्टरी १,००० किलो आली, तर उंबरठा झाला ७००. यंदा मंडळाचं उत्पन्न ५६० आलं, तर तूट १४०, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के, आणि विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला. मंडळाचं उत्पन्न ७१० आलं तर कुणालाच काही नाही, मग तुमच्या शेतात एक शेंगही राहिलेली नसो. नाल्यापलीकडचा शेतकरी दुसऱ्या मंडळात आहे. एवढंच.

इथवर ते शासन निर्णयात आहे असं मी म्हणू शकलो असतो. पण त्याखाली तक्ता होता. तिने माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या तालुक्यातल्या मंडळांची सात-सात वर्षांची उत्पन्नं मिळवली होती आणि ती शेजारीशेजारी मांडली होती. जिथे दुष्काळ पाठोपाठ पडत गेला, तिथे ‘उत्तम पाच’ वर्षांतही वाईट वर्षं शिरली होती. त्यामुळे सरासरी खाली, उंबरठा खाली, आणि पुढच्या दुष्काळात भरपाई मिळण्याची शक्यताही खाली. जो भाग सर्वांत जास्त होरपळला त्याचंच संरक्षण सूत्राने आपोआप कमी होत चाललं होतं. कुणी पैसे खाल्ले नव्हते. कुठली फाइल दडवली नव्हती. अन्याय सूत्राच्या पोटात होता आणि तो दिसायचा असेल तर आधी सूत्र समजून घ्यावं लागत होतं.

मी विचारलं होतं, बातमीदाराने शोधलं काय?

त्या रात्री स्वतःला काही प्रश्न विचारले. ती तुच्छता नेमकी कशाची होती? उत्तर सुखाचं नव्हतं. मला आकड्यांची भीती वाटते, शाळेपासून. आमच्या पानांवर दरवर्षी ‘पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी’ असं छापून येतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ते मथळे मी स्वतः लावले आहेत. पैसेवारी काढतात कशी, हे मला कुणी विचारलं असतं तर दोन वाक्यांपलीकडे मला सांगता आलं नसतं. न समजलेलं बिनदिक्कत छापायची सवय मला जडली होती आणि ज्याला समजून घेतल्याशिवाय लिहिता येत नाही त्याला मी कमी लेखत होतो. जे काम मला जमत नव्हतं त्याला मी हलकं ठरवून टाकलं होतं, म्हणजे ते न जमण्याची लाज वाटायला नको.

करोनाच्या काळात याची किंमत माझ्या वाचकांनी मोजली आहे. रोज रात्री आम्ही आकडे लावायचो: नवे रुग्ण, बरे झालेले, मृत्यू. तपासण्याच कमी झाल्या की रुग्णही कमी दिसतात, हे आम्ही ठळकपणे, पुन:पुन्हा सांगितलं का? नाही. आकडा उतरला की ‘दिलासा’ असा मथळा, चढला की ‘चिंता’. लोक त्या मथळ्यांवर लग्नाच्या तारखा ठरवत होते. त्याच काळात अमेरिकेत ‘द अटलांटिक’मध्ये एड याँग साथीची एकेक गाठ उकलून दाखवत होते आणि त्यासाठी २०२१ चं विश्लेषक पत्रकारितेचं पुलित्झर त्यांना रॉयटर्सच्या एका चमूबरोबर विभागून मिळालं. ते नाव मी तेव्हाही यादीत वाचलं आणि पुढे गेलो.

गावाहून परतल्यावर मी ते जुने मानकरी खरोखर वाचायला घेतले. सगळे मिळाले नाहीत, जे मिळाले ते. त्यातल्या एका मालिकेने मला धरून ठेवलं, ती हबल दुर्बिणीवरची. कनेक्टिकट राज्यातल्या ‘हार्टफर्ड कूरंट’ या दैनिकाच्या रॉबर्ट केपर्स आणि एरिक लिप्टन यांनी ती १९९१ मध्ये लिहिली आणि १९९२ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. हबल एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली आणि थोड्याच आठवड्यांत कळलं की चित्रं धूसर येताहेत. बातमी जगभर झाली. नासाच्या चौकशी समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कारणही सांगितलं. २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला गरजेपेक्षा किंचित सपाट घासला गेला होता, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका किंचित. कारण आरशाचा आकार तपासणारं उपकरणच चुकीचं जुळवलं गेलं होतं. त्यातलं एक अंतर १.३ मिलिमीटरने चुकलं होतं. अंतर मोजायच्या दांडीच्या टोकावर एक टोपी होती, तिच्यावरचा काळा रंग थोडासा उडाला होता, आणि लेझरचा किरण दांडीच्या टोकावरून परतण्याऐवजी त्या उघड्या पडलेल्या धातूवरून परतला.

माझ्या जुन्या हिशेबाने इथे बातमी संपते. काय चुकलं ते कळलं, अहवाल आला, ‘यात नवीन काय?’ पण आरसा ज्या डॅनबरी गावात घासला गेला ते या दोघांच्याच राज्यातलं. त्यांनी तिथून सुरुवात केली आणि विचारलं, की उपकरण जुळत नाहीये हे हाताने काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, त्यांनी चक्क साधे वॉशर घालून ते बसवलं, मग कुणी थांबलं का नाही? दुसऱ्या दोन तपासण्यांत आरसा चुकल्याची खूण दिसली होती, ती ‘हे उपकरण तितकं अचूक नाही’ म्हणून बाजूला का सारली? उत्तरं वेळापत्रकात होती, वाढत चाललेल्या खर्चात होती, कुणी कुणाला प्रश्न विचारायचा याच्या अलिखित नियमांत होती. अहवालात चूक होती. मालिकेत ती चूक घडू देणारी व्यवस्था होती. लेन्स आणि आरशांचं शास्त्र वाचकाला कळेल असं सांगितल्याशिवाय ती व्यवस्था दाखवताच आली नसती. समजावून सांगणं हाच इथे शोध होता. मी ज्या दोन कामांच्या मध्ये भिंत घातली होती ती कुठेच नव्हती.

पुलित्झरच्या या विभागात ज्याला पुरस्कार मिळतो त्यात कुठे मेंदूतली रसायनं असतात, कुठे थेट पैशाचा व्यवहार. सुपरमार्केटची एक मोठी साखळी कर्ज काढून विकत घेतली जाते तेव्हा गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं काय होतं, हे सुझन फलूडी यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये मांडलं, त्याला १९९१ चा मान मिळाला. ‘ओरेगोनियन’च्या रिचर्ड रीड यांनी आशियातलं १९९७-९८ चं आर्थिक संकट सांगायला चक्क बटाटा निवडला. अमेरिकेच्या वायव्येकडच्या शेतात पिकणारा, गोठवलेल्या फ्रेंच फ्राइज होऊन आशियात जाणारा. चलन कोसळणं म्हणजे काय, हे त्या बटाट्याच्या मागे मागे गेलं की समजतं. आपल्या नाशिकच्या कांद्यामागे असं कुणी बंदरापर्यंत आणि पुढे दुबई-कोलंबोच्या बाजारापर्यंत गेलंय का, हा विचार वाचताना सारखा येत होता. निर्यातबंदीच्या बातम्या आपण दर खेपेला छापतो. तिचा एक रुपया कुणाच्या खिशातून कुठे जातो, हे क्वचितच छापतो.

आणि याचं मूळ आपल्या घरात नव्हतं असंही नाही. महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो, कारण १८३२ मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्या दिवशी मी भाषणं केली आहेत. ‘दर्पण’विषयी, निर्भीडपणाविषयी बोललो आहे. पण याच बाळशास्त्रींनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ नावाचं मासिक सुरू केलं, ज्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय सामान्य वाचकासाठी मराठीत उलगडले जायचे. हा माणूस गणिताचा अध्यापक होता, कुलाब्याची वेधशाळा सांभाळत होता. म्हणजे मराठी पत्रकारितेचा पहिला माणूस तोच होता ज्याला मी मास्तर म्हणून हिणवलं असतं. त्याच्या तसबिरीला हार घालताना हे माझ्या मनात कधीच आलं नाही. पुढे जयंत नारळीकरांना विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, १९९६ मध्ये. त्याचं आम्ही कौतुक केलं, पण शास्त्रज्ञ म्हणून. ते काम वर्तमानपत्राचंही आहे, असं त्या वेळी आमच्या कार्यालयात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मी तर बोललो नाहीच.

मत बदललं म्हणजे शंका संपल्या असं नाही. एक शंका मला अजून छळते. सोपं करताना अन्यायही सुरळीत वाटायला लागतो. मंडळाची सरासरी, उंबरठा, टक्केवारी इतक्या गोड पद्धतीने समजावता येते की वाचणारा म्हणेल, अच्छा, असं आहे होय, म्हणून मिळाले नाहीत पैसे. आणि शांत होईल. असा लेख सरकारी माहितीपत्रकाचा धाकटा भाऊ असतो आणि त्याला पुरस्कार मिळू नये असं मला आजही ठामपणे वाटतं. त्या मुलीचा लेख तसा नव्हता, कारण नियम सांगून ती थांबली नाही. नियमाने कोण मारलं जातं हे तिने त्याच्याच आकड्यांनी दाखवलं. परीक्षकाला हा फरक ओळखायचा असेल तर तक्ता वाचावा लागतो. विषयातला माणूस शेजारी बसवावा लागतो. तालुक्याच्या वाचकाला तो लेख वाचायला देऊन, आता तू मला सांग, असं विचारावं लागतं. दीड तासाच्या बैठकीत, चहाबिस्किटांवर, कात्रणांच्या गठ्ठ्यातून हे होत नाही.

दुसरी शंका पैशाची. सात भागांची मालिका लिहायला बातमीदाराला कित्येक महिने दुसरं काम न देणारं दैनिक लागतं. आपल्या तालुका प्रतिनिधीला मजकुरापेक्षा जाहिराती किती आणल्या यावर तोललं जातं. तिने तो लेख कुठल्या वेळात लिहिला असेल? पुरस्काराने ही स्थिती बदलणार नाही. पण पुरस्कार नाकारताना आपण संपादकांना काय कळवतो, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. आम्ही त्या वर्षी जिल्ह्यातल्या प्रत्येक संपादकाला कळवलं की अशा लेखात बातमीदाराचा वेळ घालवू नका.

यंदा तो जिल्हास्तरीय पुरस्कार देणाऱ्या संस्थेला मी पत्र लिहून विश्लेषक पत्रकारितेचा वेगळा विभाग सुरू करण्याची विनंती केली आहे. त्यात त्या जुन्या बैठकीत मी काय बोललो होतो तेही लिहिलं. प्राध्यापकांनाही फोन केला. ते इतकंच म्हणाले, “मीही तेव्हा गप्प बसायला नको होतं.”

मग तिला फोन केला. नंबर मिळवायला थोडी खटपट करावी लागली. ती आता दुसऱ्या दैनिकात आहे. माझं नाव सांगितल्यावर ओळखीचा सूर आला नाही, आणि समितीतलं सगळं सांगितल्यावरही ती फारशी हलली नाही. “सर, पुरस्काराचं राहू द्या,” ती म्हणाली. “ती झेरॉक्स अजून फिरतेय म्हणालात, ती कुठल्या गावात?” मी गाव सांगितलं. “तिथं कुणाला तरी लगेच सांगाल का, की ती आता वापरू नका?” मग तिने मला समजावून सांगितलं, मधे कुठेही घाई न करता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने योजना बदलली आहे. एक रुपयात विमा बंद झाला, हप्ता पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना पाच टक्के. स्थानिक आपत्तीची भरपाई त्यातून काढली आहे, आता सगळं पीक कापणी प्रयोगांवर. म्हणजे ७२ तासांत तक्रार टाकून माणूस निर्धास्त बसेल आणि हाती काही येणार नाही. कापणी प्रयोग आपल्या मंडळात कधी आणि कुठल्या शेतात आहेत, तिथे हजर राहायचं, नोंदी नीट होतात का पाहायचं, हे आता लोकांना सांगायला हवं.

“लेख नव्याने लिहितेय,” ती म्हणाली. “तक्ता तयार आहे. एकदा वाचून बघाल का? तुम्हाला कुठे अडतंय ते मला कळवा.”

मी तिला माझा व्हॉट्सॲप नंबर दिला आणि मावसभावाला फोन लावला.